साडेपाच महिने, सहा किलो : चालायचं किती, निजायचं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, पहिलटकरीण, २२वा आठवडा सुरू. उंची १५७ सेंटिमीटर, दिवस राहिले तेव्हा वजन ५८ किलो, आता ६४. राहायला जुळे सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गणवेशाच्या कारखान्यात, हिशेबाच्या टेबलावर. थोरल्या जावेचा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला, तेव्हापासून सासूबाईंनी धसका घेतलाय; सून कामावरून आली की तिला पलंगावरून उतरू देत नाहीत. आई फोनवर रोज सांगते, "उकिडवं बसून फरशी पूस, नाहीतर सिझर होईल." डॉक्टर मागच्या खेपेला "वजन जरा जास्त वाढतंय, लक्ष ठेवा" एवढंच म्हणाले. मोबाइल दिवसाला दीड-दोन हजार पावलं दाखवतो. चालायचं की निजायचं, आणि वजनाचं काय?

वजनाचं आधी घेते, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. सहा किलो म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. किती वाढावं हे सगळ्या बायकांना एकच नसतं. दिवस राहण्याआधीचा बांधा कसा होता त्यावर ते ठरतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय निघतो. तुमचा साधारण २३.५. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेला तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यानुसार बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २५ च्या आत असेल तर ११.५ ते १६, २५ ते ३० च्या आत ७ ते ११.५ आणि ३० च्या पुढे ५ ते ९ किलो वाढ चालते. पण हा तक्ता आपली अंगकाठी समोर ठेवून केलेला नाही. तेवढ्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या अंगात, खासकरून पोटावर, चरबी जास्त असते. म्हणून आपल्याकडे २३ ओलांडलं की जादा वजनात धरतात. साधारण बांध्याच्या बाईला आपण १० ते १२ किलो सांगतो. तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात, तेव्हा तुम्हालाही मी बाराच्या आसपासच सांगेन, सोळा नाही.

आता हिशेब तुमच्याच भाषेत. पहिल्या तीन महिन्यांत एखाद-दोन किलो, पुढे आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. या चालीने २२व्या आठवड्यात पाच-साडेपाच किलो वाढायला हवे होते. तुमचे सहा आहेत. जमाखर्चात अर्ध्या किलोचा फरक निघतोय. राहिलेल्या १८ आठवड्यांत आठवड्याला ३०० ते ३५० ग्रॅमने चढलात तर साडेअकरा-बारावर याल आणि कुणी बोट दाखवायचं कारण राहणार नाही. वजन कमी करायचा विचार मात्र डोक्यातून काढा. डाएट, एकवेळ जेवण, नुसत्या ताकावर राहणं, यातलं काही नको.

"बाळ तीन किलोचं, मग बाकीचे नऊ किलो माझ्या अंगावरच ना?" असं बऱ्याच जणी विचारतात. नाही. वार (प्लॅसेंटा) अर्ध्या-पाऊण किलोची, गर्भजल किलोभर, वाढलेलं गर्भाशय किलोभर, छातीचं अर्धा किलो. अंगातलं रक्त वाढतं ते दीड किलो, पेशींमध्ये धरून ठेवलेलं पाणी तेवढंच. उरते ती अडीच-तीन किलो चरबी, आणि ती शरीर मुद्दाम साठवतं, कारण पुढे अंगावर पाजायचं असतं. ही चरबी तीनाऐवजी आठ किलो झाली की मग साखर, रक्तदाब, मोठं बाळ, अवघड बाळंतपण असे प्रश्न मागे लागतात.

एक सूचना काट्याबद्दल. आमच्या ओपीडीत बायका चपला घालून, खांद्याला पर्स अडकवून काट्यावर चढतात. तोल जाईल म्हणून शेजारी उभ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकतात आणि निम्मा भार तिकडे जातो. नवरा काटा वाचतो, सासूबाई खुर्चीतून विचारतात "किती?", आणि त्या आकड्यावर घरात महिनाभर चर्चा चालते. मागच्या खेपेला तुम्ही सकाळी ड्रेसवर गेलात आणि या खेपेला संध्याकाळी जेवून, साडी नेसून गेलात तर किलोभराचा फरक तिथेच पडला. वजन एकाच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पातळ कपड्यात बघा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. रोज बघू नका.

एका आकड्याकडे मात्र लगेच बघायचं. आठवडाभरात किलोच्या वर वजन वाढलं, त्यात चेहरा सुजला, बोटातली अंगठी निघेना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर ते खाण्याने वाढलेलं वजन नाही, ते पाणी आहे. त्याच दिवशी रक्तदाब बघायचा. वरचा १४० किंवा खालचा ९० ला टेकला की सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि जाता जाता: हे उत्तर वाचणारी कुणी ४०-४२ किलोची असेल, तर "वजन वाढू देऊ नका" हे तिच्यासाठी नाही. यंत्रमागावर किंवा शेतात राबणाऱ्या घरांतल्या अशा मुली आमच्याकडे येतात, सातव्या महिन्यात चारच किलो वाढलेले असतात आणि शेजारीण सांगते, "छान, पोट दिसतसुद्धा नाही." त्यात छान काही नाही. तिने चौदा-पंधरा किलो वाढवले तर मी पेढे वाटीन.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. एक गर्भ गेलेला घरातल्या बाईने पाहिलेला असतो, ती भीती तपासणीचा कागद दाखवून जात नाही. पण तिसऱ्या महिन्यात जे गर्भ जातात, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची गुणसूत्रांची जुळणी सुरुवातीलाच बिघडलेली असते. जिना चढल्याने, पायी बाजारात गेल्याने, दोरीवर कपडे वाळत घातल्याने ते जात नाहीत. हात उंच केल्याने बाळाच्या गळ्याला नाळ अडकते हेही खरं नाही. जावेने काही चूक केली नव्हती, हे घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. बहुतेक घरांत ते कुणी म्हणत नाही आणि ती बिचारी वर्षानुवर्षं मनात ठेवून बसते.

दोष थोडा आम्हा डॉक्टरांकडेही जातो. 'बेड रेस्ट' हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहायला क्षण लागतो, आणि घरी त्याचा चार महिन्यांचा कायदा होतो. निजून राहिल्याने गर्भपात किंवा मुदतीआधीचं बाळंतपण टळतं, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. नुकसान मात्र दिसतं. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात निजून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मांड्यांचे स्नायू उतरतात. बद्धकोष्ठता, पाठदुखी, चिडचिड, साखर, सगळं चढतं. खरोखर आराम सांगावा लागतो अशा बायका असतात, त्यांचं पुढे बोलते. तुम्ही लिहिलेल्यावरून तुम्ही त्यांत दिसत नाही.

तुमचा दिवस मी असा मांडते: कारखान्यात आठ-नऊ तास खुर्ची, जाता-येता दुचाकी, घरी पलंग, मग रात्रीची झोप. चोवीसात पायांवर तासभरसुद्धा नाही. तुमचं वजन भाकरीने वाढलेलं नाही, ते या खुर्ची-पलंगाने वाढलंय. संध्याकाळी अर्धा तास चाललात तरी उरलेले तेवीस तास तसेच राहिले तर अर्धंच काम होतं. म्हणून माझ्या लेखी चालण्याआधी नंबर लागतो तो बसणं मोडण्याचा.

टेबलावर अर्धा-पाऊण तास झाला की उठायचं. दोन मिनिटं पुरे. फाइल स्वतः जाऊन आणा, पाणी स्वतः भरा. पायाखाली काहीतरी घ्या; गणवेशाच्या कारखान्यात कापडाचे खोके असतातच, त्यातला एखादा भक्कम चालेल. बसल्याबसल्या पावलं खाली-वर, गोल फिरवायची, म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त वर सरकतं आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतत नाही. एक अडचण तुम्ही लिहिली नाही पण मी विचारतेच: कारखान्यातलं टॉयलेट बरं नसतं म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हात हे फार महाग पडतं. लघवीचं इन्फेक्शन होतं, त्यातून पोट कडक होऊन कळा सुरू होतात आणि नाव मात्र "चालली म्हणून झालं" असं पडतं. पाणी प्यायचं आणि टॉयलेटचं मालकांशी बोलायचं. लाजू नका.

चालण्याचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गरोदर बायकांनाही दिलंय: आठवड्याला किमान १५० मिनिटं, मध्यम वेगाने. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. तुम्ही दोन हजार पावलांवरून एकदम अर्ध्या तासावर उडी मारू नका. पहिला आठवडा जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, दुपारी कारखान्याच्या आवारात आणि रात्री घराच्या गच्चीवर. जेवल्यावर चाललं की साखर ताब्यात राहते, हा फायदा सकाळच्या चालण्यात तेवढा नाही. दोन आठवड्यांनी सकाळची वीस मिनिटं जोडा. तुमच्याकडून कंबर तलाव जवळ आहे, तिथे सकाळी बायका असतात, सोबत मिळेल. गल्लीत कुत्री आणि उखडलेले रस्ते असतील तर गच्चीच बरी. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. पारा ४२-४३ ला असताना चालण्यात शहाणपण नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. स्लीपर नको. सहाव्या-सातव्या महिन्यात तोल पुढे सरकतो आणि सांधे सैल होतात, पाय स्लीपरमधूनच सटकतो.

दुचाकीबद्दल सगळ्याच विचारतात. हादऱ्याने बाळाला काही होत नाही, ते पाण्याच्या पिशवीत असतं. भीती पडण्याची असते. मागे बसत असाल तर ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसा, ओढणी आवरून घ्या, हेल्मेट घाला. स्वतः चालवत असाल तर पोट हँडलच्या आड येऊ लागेपर्यंत.

आता आईची फरशी. उकिडवं बसणं वाईट नाही. मांड्या, कंबर मोकळी होते, आणि सवय असेल तर शेवटपर्यंत चालतं. पण फरशी पुसली म्हणून नॉर्मल होईल असा शब्द कुणी देऊ नये. बाळाचं डोकं कसं बसलंय, बाळ केवढं आहे, कळा कशा येतात, यावर बाळंतपण ठरतं. हिंडती-फिरती बाई कळा जास्त नेटाने सोसते, तिला साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास कमी होतो, इतकं खात्रीने सांगता येतं. ते फरशीने होवो की चालण्याने. ओल्या फरशीवर घसरण्यापेक्षा मला चालणं बरं वाटतं. आईला सांगा, तुझं निम्मं ऐकलं.

या उलट टोकाच्या बायकाही मला रोज दिसतात, आणि त्यांच्यासाठी "जरा चाला" हा सल्ला थट्टा ठरतो. विडी घरकुल, कुंभारी, अशोक चौक भागातल्या विडी वळणाऱ्या बायका. मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासून दुपारपर्यंत. सहावा महिना लागला की पोट आणि सूप एकाच जागेसाठी भांडतात. मग सूप गुडघ्यांकडे सरकतं, बाई पुढे वाकते, आणि खांद्यांच्या मधोमध दुखायला लागतं. तक्रार घेऊन आली की म्हणते, "डॉक्टर, पोट दुखत नाही, पाठ दुखते." मी तिला काम सोड म्हणत नाही, त्या विड्यांवर घर चालतं. सूप पाटावर ठेव, पाठ भिंतीला टेक, एक पाय आळीपाळीने लांब कर, शंभर विड्या झाल्या की उठून दारापर्यंत जाऊन ये. तंबाखू मात्र खरा वैरी आहे. त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, धूळ श्वासातून जाते. जमेल तितके दिवस तंबाखूचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं आणि हिने पानं कापावीत. हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नये. निजायच्या खोलीत तंबाखू ठेवू नये. आणि मिश्री लावत असेल तर ती आजपासून बंद. बाळाचं वजन कमी भरण्याचं ते एक सरळ कारण आहे, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दिवसाची. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी गरोदर बाईसुद्धा बॅरल, घागरी, कळशा भरायला उभी असते. एखादी कळशी उचलल्याने काही होत नाही. तासभर सतत भरलेल्या घागरी घेऊन जिना चढणं पाचव्या महिन्यानंतर नको. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी कामावर अर्धा तास उशिरा जावं. नाइलाज असेल तर घागरीऐवजी अर्धी बादली, अंगालगत धरून, कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकून उचलायची.

निजण्याबद्दल आता. रात्री सात-आठ तास आणि दुपारी मिळाली तर एक-दोन तास आडवं होणं, इतकी विश्रांती प्रत्येक गरोदर बाईचा हक्क आहे, विडीवाल्या बाईचा जास्तच. तुम्हाला कामाच्या दिवशी दुपारची मिळणार नाही, तर संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास पाय उशीवर घेऊन कुशीवर पडा आणि मग उठा. सासूबाईंचाही मान राहील. २८ आठवडे झाले की झोपताना कुशीवरच झोपायचं. उताणं निजलं की जड गर्भाशय पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर बसतं आणि पाण्याच्या नळीवर पाय ठेवावा तसं होतं. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, घेरी येते, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. डावी कूस उत्तम म्हणतात, उजवीही चालते. रात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं तर घाबरून बसू नका, वळा आणि झोपा. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पाठीमागे जुन्या चादरीची गुंडाळी. आपल्या गावात चादरीला तोटा नाही.

उठताना बायका हमखास चुकतात. उताण्या निजलेल्या अवस्थेतून सरळ उठून बसतात, त्याने पोटाच्या मधल्या स्नायूंवर ताण येतो. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, हाताच्या कोपराने रेटून उठायचं, क्षणभर बसायचं, मग उभं राहायचं.

रात्री पोटरीत गोळा आला तर टाच पुढे, बोटं स्वतःकडे ओढायची. जळजळ होत असेल तर जेवण आणि झोप यांत दोन तास ठेवा. रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं झालं की आंबट पाणी वर येणारच. नव्यानेच जोरात घोरायला लागला असाल आणि वजनही झपाट्याने वाढत असेल, तर पुढच्या तपासणीत सांगा. नवऱ्याला विचारा, तुम्हाला स्वतःला कळणार नाही.

एक व्यायाम कुणी शिकवत नाही म्हणून लिहिते. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, बसल्या जागी. लघवी करताना करायचं नाही, एरवी करायचं. पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटणं यानेच टळतं, आणि आमच्याकडे चाळिशीतल्या बायका ज्या गोष्टीसाठी चोरून-लपून येतात ती हीच. बाकी उताणं निजून करायचे व्यायाम पाचव्या महिन्यानंतर बंद. श्वास रोखून काही करायचं नाही. कपालभातीही नको.

खाण्यावर फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल तुम्हाला घरात पुरेसं ऐकवत असतील. दोन जिवांची आहेस, दुप्पट खा, हे खोटं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ आणि कपभर दूध, एवढ्यात त्या भरतात. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दारात आहे, तिच्याइतकं पोटभरीचं दुसरं काही शोधू नका. शेंगा चटणी उत्तम, पण दोन-तीन चमचे. त्यावर तेल ओतून वाटीभर खाल्ली तर भाकरीपेक्षा तीच जड पडते. खुर्ची-पलंगाच्या जोडीला तुमच्या सहा किलोंतला जादा अर्धा किलो कशाने आला असेल हे मला न बघता सांगता येईल: कारखान्यातला चार वेळचा साखरेचा चहा, सोबत खारी-बिस्किट, आणि येताना रसवंतीवरचा उसाचा रस. आणि सातव्यात डोहाळजेवण आहे. त्या दिवशी मनसोक्त खा. पण आलेले पेढे-बर्फीचे डबे शेजारीपाजारी वाटा, फ्रिजमध्ये ठेवू नका.

गोळ्यांचं एक. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी ठेवा. चहाबरोबर लोह घेऊ नका. चार पावलांत धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. सातच्या खाली असेल तर चालण्याचा विषयच बाजूला ठेवून दवाखान्यात यायचं.

मघाशी म्हटलं तसं, माझं वरचं चालण्याबिलण्याचं सगळं ज्यांना लागू नाही अशाही बायका असतात. अंगावरून रक्त जातंय, पाणी गेलंय, मुदतीआधी कळा येतायत, रक्तदाब वाढलाय, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय किंवा ते आखूड झालंय, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, जुळ्यांत काही गुंतागुंत आहे. यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकायचं. तुमच्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असं लिहिलं असेल तर त्यावर एक शब्द: १८-२० आठवड्यांना खाली दिसलेली वार बहुतेकींची गर्भाशय वाढता वाढता वर सरकते. त्या एका ओळीवरून चार महिने पलंग धरायचा नाही. ३२ आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं. तोवर जड उचलणं आणि संबंध यांबद्दल डॉक्टर सांगतील ते पाळायचं. मात्र थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच वेळी दवाखाना.

चालताना पोट दर दहा मिनिटांनी कडक व्हायला लागलं, छातीत दुखलं, घेरी आली, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं, किंवा २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, तर थांबायचं आणि यायचं. दोन्ही पायांना संध्याकाळी थोडी सूज येऊन सकाळी उतरत असेल तर ती चालते. रात्री गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ लावा.

रजेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी हिशेबाच्या टेबलावर आहात म्हणून सांगते: कायद्याने दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. तब्येत ठीक असेल, उठबस चालू असेल, तर ३६व्या आठवड्यापर्यंत काम करून बाकीची बाळासाठी ठेवा. आधीच सातव्या महिन्यात रजा टाकून माहेरी पलंगावर पडलात तर रजाही गेली आणि वजनही चढलं.

पुढची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये येईल. तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघतात, उपाशी जायची गरज नसते; १४० किंवा त्याहून वर आली तर वर लिहिलेलं चालणं ऐच्छिक राहणार नाही, ते औषधाच्या जागी येईल. त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या. दोन तास बसायचंच असतं, त्या वेळात डॉक्टरांना त्यांच्यासमोर दोनच प्रश्न विचारा: माझी वार कुठे आहे, आणि मी किती चालू? उत्तर त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकू दे. आणि डॉक्टर पुढचा पेशंट बोलावायला लागले, तर खुर्चीतून उठू नका.